मलप्रभेकाठची दिवेलागण

बेळगावाहून लोंढ्याकडे निघालेली गाडी देसूर आणि इदलहोंड ही लहान स्थानके मागे टाकून खानापुरास पोहोचते. अंतर म्हणाल तर अवघे पंचवीस-सव्वीस किलोमीटर. पण तेवढ्यात सृष्टीचे रूप पालटलेले असते. बेळगावच्या पूर्वेला पसरलेला काळ्या मातीचा उघडा मुलूख मनातूनही पुसला जातो. माती तांबडी होते, भाताची खाचरे दिसू लागतात, आणि पश्चिमेकडे सह्याद्रीची निळसर रांग उभी राहते. तालुक्याच्या त्या टोकाला कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा खानापूर गावाजवळून वाहते आणि पुढे लांबचा प्रवास करून कूडलसंगमास कृष्णेला मिळते. पावसाळ्यात या नदीचे आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांचे रूप पाहिले, म्हणजे येथील गावे एकमेकांपासून का दुरावलेली राहिली, हे निराळे सांगावे लागत नाही.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना खानापूरचे नाव परिचित आहे ते बहुधा सीमाप्रश्नामुळे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ च्या महाजन आयोगाने निपाणी, नंदगड आणि खानापूर महाराष्ट्रास द्यावे अशी शिफारस केली, परंतु ती अमलात आली नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि घाट उतरला की कोकणी, अशी तिहेरी रहदारी येथल्या माणसाच्या जिभेवर सहज चालते. त्याचा अभिमान तो मिरवत नाही आणि त्याचे ओझेही त्याला वाटत नाही.

धर्माच्या बाबतीतही हा तालुका असाच अनेकपदरी आहे. हलशी ही कदंब राजांची प्राचीन पलाशिका. तेथे सापडलेल्या ताम्रपटांत जैन संघाला दिलेल्या दानांची नोंद आहे, आणि तेथील भूवराह-नरसिंहाचे मंदिर बाराव्या शतकातील वास्तुकलेची साक्ष देत उभे आहे. नंदगडास १८३१ साली इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले; त्याच्या समाधीस्थळी आजही लोक श्रद्धेने जातात. या सर्व पदरांत आणखी एक बारीकसा पदर आहे, आणि तो बहुतेक प्रवाशांच्या नजरेतून सुटतो. तो म्हणजे येथील ख्रिस्ती कुटुंबांचा.

२०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकाहूनही कमी आहे. त्यातील काही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी गोव्यातून घाट चढून वर आली. काहींचे पूर्वज रेल्वेबरोबर आले. १८८० च्या दशकात मुरगावहून निघालेला लोहमार्ग घाट चढून या बाजूच्या मार्गाला मिळाला, लोंढा हे मोठे जंक्शन झाले, आणि गाड्यांच्या शिट्ट्यांबरोबर तेथे चर्चची घंटाही ऐकू येऊ लागली. काही कुटुंबांचा संबंध बेळगावच्या प्रॉटेस्टंट मिशनशी आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर १८२० साली बेळगावास आले आणि तेव्हापासून त्या कार्याचा आरंभ झाला; १९०४ साली ते कार्य मेथडिस्ट मिशनकडे सोपवण्यात आले. कॅथलिकांच्या बाबतीत, बेळगावास स्वतंत्र डायोसिस मिळाली ती १९५३ साली. तोवर या मुलखाचे धर्मशासन गोव्याकडे आणि पुण्याकडे वाटलेले होते. म्हणजे बिशप दूर, धर्मगुरू मोजके, वाटा जंगलाच्या आणि पाऊस घाटाचा!

शहरात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला श्रद्धेचा आधार म्हणजे काय, हे निराळे जाणवत नाही, कारण तो त्याच्या सभोवती हवेसारखा असतो. रविवारी पायी जाता येईल इतक्या अंतरावर चर्च असते, अडचणीच्या वेळी बोलावता येतील असे धर्मगुरू असतात, मुलांना धर्मशिक्षण देणारी कोणी बाई असते. नाताळात फराळाची ताटे पाठवायला दहा घरे असतात. मुलीच्या लग्नाला स्थळे असतात. आणि शेवटी देह ठेवायला स्वतःच्या माणसांची दफनभूमी असते. यातील एकेक गोष्ट वजा करीत जावे, म्हणजे आडगावातल्या एकट्या ख्रिस्ती घराची स्थिती कळेल. छळ नव्हे, तिरस्कार नव्हे. शेजारी बहुधा चांगलेच असतात, गणपतीचे मोदक इकडे येतात आणि नाताळच्या करंज्या तिकडे जातात. तरीसुद्धा ज्या गोष्टीला आपण पवित्र मानतो ती समजणारे दुसरे कोणी गावात नाही, ही जाणीव माणसाला आतून थकवते. विरोधाशी झुंजताना माणसाच्या अंगी बळ येते. पण नुसत्या एकटेपणाशी झुंजताना ते हळूहळू झिजते. श्रद्धा अशा ठिकाणी मोडत नाही, ती विसरली जाते. आधी सकाळची प्रार्थना राहते, मग संध्याकाळची, मग मुलांना शब्दच ठाऊक नसतात.

तर मग ती टिकली कशी? या मुलखाच्या दोन्ही अंगांना, म्हणजे घाटाखाली गोव्यात आणि घाटावर बेळगावात, या प्रश्नाची उत्तरे इतिहासाने लिहून ठेवली आहेत. आणि विशेष हे, की ती बहुतांशी मराठीत आहेत.

आधी घाट उतरू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली मरण पावेपर्यंत त्याचे बहुतेक आयुष्य सासष्टीत गेले. तेथील नवख्रिस्ती लोकांची अवस्था मोठी विचित्र होती. जुनी दैवते सुटली, जुन्या पोथ्यांवर बंदी आली, आणि नव्या धर्मातील पुस्तके परक्या भाषेत! स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग घातला आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी एक श्रोता उठून पाद्रीगुरूंना विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्हांला असे काही का देत नाही? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे १६१६ साली राचोल येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’. जुन्या कराराच्या कथांचे पहिले पुराण, ख्रिस्तचरित्राचे दुसरे, आणि दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. मराठी भाषेची त्यात जी थोरवी गायिली आहे, ती शाळेच्या पुस्तकातून आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली असेल.

या ग्रंथाचे साहित्यिक मोल थोर आहेच, पण येथे मला त्याचे दुसरे मोल सांगायचे आहे. पुराण हे घरात वाचायचे, ओसरीवर ऐकायचे, जात्यावर गुणगुणायचे असते. त्याला पीठासन लागत नाही की वाजंत्री लागत नाही. एक वाचणारा आणि चार ऐकणारे असले म्हणजे पुरे. वाचणाराही नसला तर पाठ असलेल्या ओव्या पुरतात. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत लोक देवाशी बोलत होते, तिच्यावरच घाव घातला गेला, आणि तोही त्याच धर्माच्या राज्यकर्त्यांकडून! आधार तुटतो तो नेहमी परक्याच्या हातून तुटतो असे नाही, हा धडा येथे ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तरीही पुराण नष्ट झाले नाही. छापील प्रती कालौघात नाहीशा झाल्या. आज मूळ आवृत्तीची एकही प्रत उपलब्ध नाही. पण हाताने उतरवलेल्या पोथ्या घरोघर राहिल्या आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांबरोबर दक्षिणेस कानडा किनाऱ्यावर गेल्या.

तेथे त्यांची खरी परीक्षा झाली. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूरकडील हजारो ख्रिस्ती लोकांना पकडून श्रीरंगपट्टणास नेले. घरे गेली, देवळे जमीनदोस्त झाली, आणि १७९९ साली श्रीरंगपट्टण पडेपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा वर्षे, जे वाचले ते बंदिवासात राहिले. त्या काळात या पुराणाच्या ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी तिकडील घराण्यांत परंपरा सांगतात. पुढे १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी मंगळूरास ‘क्रिस्तपुराण’ पुन्हा छापले, ते जुन्या हस्तलिखितांच्या आधारे. आणि १९५६ साली प्रा. शांताराम बंडेलू यांच्या परिश्रमाने ते पुण्यास देवनागरीत आले. तीन शतकांच्या वनवासानंतर मराठीचा हा ठेवा मराठी वाचकांच्या हाती पडला. तो कोणी सांभाळला? विद्यापीठांनी नव्हे, राजसत्तेने तर नव्हेच. ज्यांना दुसरा आधार नव्हता अशा घरांनी तो सांभाळला. आणि त्याने त्या घरांना सांभाळले.

गोव्याचीच आणखी एक हकिगत या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. १६५८ साली डचांनी जाफना घेतल्यावर लंकेच्या किनारपट्टीवर कॅथलिक उपासनेस बंदी झाली आणि धर्मगुरूंना हाकलून देण्यात आले. सुमारे तीस वर्षे तेथील ख्रिस्ती माणसांना धर्मगुरूचे दर्शन नव्हते. बाणावलीस १६५१ मध्ये जन्मलेल्या फादर जोसेफ वाझ यांच्या कानी ही गोष्ट गेली. त्यांनी आधी १६८१ पासून तीनेक वर्षे कानडा मुलखात सेवा केली होती. विखुरलेल्या घरांची उपासमार त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १६८७ साली ते गरीब मजुराच्या वेषात लंकेत उतरले. आपली माणसे ओळखायची कशी? गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत फिरले. ज्या दारी त्या माळेकडे पाहून कोणाचे डोळे चमकत, तेथे त्यांना आपले घर सापडे. १६९२ साली कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. पुढे सुटका झाली, देवीच्या साथीत त्यांनी जातधर्म न पाहता रोग्यांची सेवा केली, आणि १७११ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. २०१५ च्या जानेवारीत कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद जाहीर केले.

संतांच्या धैर्याची प्रशंसा सगळेच करतात आणि ती योग्यच आहे. मला मात्र त्या दारांआडच्या माणसांचे आश्चर्य वाटते. तीस वर्षे म्हणजे एक पूर्ण पिढी. ज्यांनी कधी मिस्सा पाहिली नव्हती अशी मुले तोवर बाप-आया झाली होती. तरी जपमाळ पाहताच ओळखणारे डोळे त्या घरांत होते! ते डोळे कोणीतरी शिकवून तयार केले होते; बहुधा एखाद्या आजीने, दिवेलागणीला. बाहेरून मदत आली हे खरे. पण आत काही जळत राहिले होते म्हणून त्या मदतीला पेटवण्यासारखे काही सापडले.

आता पुन्हा घाट चढून बेळगावास येऊ. येथली कथा घराण्याची नाही, एका तरुणाची आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावास कासार कुटुंबात झाला. तेथील मिशनच्या शाळेत ते शिकले, पुढे मुंबईस गेले, सुधारक तरुणांच्या परमहंस सभेतही त्यांचा वावर होता. ख्रिस्ती धर्म मनाला पटला, परंतु पटणे आणि स्वीकारणे यांत आईवडिलांचे अश्रू उभे होते. कित्येक वर्षे त्यांची ओढाताण चालली. अखेर १८५४ च्या सप्टेंबरात, आपल्या जन्मगावीच, बेळगावास त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज समजावून सांगावे लागते. पंगत सुटली, पाणवठा सुटला, जातीने दार लावले. पत्नीने त्यांच्यासोबत राहण्याचे नाकारले. तिच्या बाजूनेही क्षणभर विचार करावा. तिचा काही अपराध नसता तिचाही संसार मोडला. श्रद्धेची किंमत श्रद्धा ठेवणारा एकटाच देत नाही, हे कटू सत्य अशा चरित्रांतून वगळता कामा नये.

मिशनरी पाठीशी होते, हे खरे. परंतु ज्याला वादात जिंकण्यासाठी शंभर पुस्तके मिळाली, त्याला सणाच्या दिवशी शेजारी बसून जेवणारा भाऊ मिळतोच असे नाही. बाबांनी या पोकळीचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी कुढत आयुष्य काढले नाही. त्यांनी मराठीत लिहायला घेतले. विधवांच्या दुःखाची कहाणी सांगणारे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती त्यांनी केली, नव्या करारावर टीका लिहिली, नियतकालिके चालवली, ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. १९०६ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके होती. कोणासाठी होता हा खटाटोप? विद्वानांसाठी काही होता. पण मोठा भाग मराठी ख्रिस्ती घरांसाठी होता. ज्या घरांना सभोवती आपले असे काही नव्हते, त्यांच्या फडताळात चार पुस्तके असावीत, दिव्याजवळ बसून वाचायला काही असावे, यासाठी होता. १८४२ साली अहमदनगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’नेही हेच केले. टपालाने येणारा एक अंक एखाद्या आडगावच्या कुटुंबाला किती सोबत करतो, हे या मासिकाच्या वाचकांना मी काय सांगावे!

या सर्व कथांतून जे एक सूत्र निघते, ते खानापूरच्या आडवाटांवर फिरताना मला अधिक स्पष्ट दिसले. आधार कमी असतो तेव्हा श्रद्धा टिकते ती मोठ्या निर्धाराने नव्हे, तर लहान नियमाने. गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना म्हणण्याची रीत आहे; तिला कोकणीत तेर्स म्हणतात. दिवे लागले की वेदीपुढे मेणबत्ती लावायची, लहानथोरांनी गुडघे टेकायचे, म्हाताऱ्याने आरंभ करायचा आणि पोरांनी झोपाळलेल्या स्वरात उत्तर द्यायचे. शेवटी थोरांचा आशीर्वाद घ्यायचा. यात विद्वत्ता नाही, भावनेचा पूर नाही. कधी मन लागते, कधी लागत नाही. परंतु भिंत जशी एकेका विटेने उभी राहते, तसे घर या रोजच्या अर्ध्या घटकेने उभे राहते. नव्या करारात तीमथ्याच्या श्रद्धेचे मूळ पौलाने शोधले, ते त्याच्या आजीत, लोईसमध्ये, आणि आईत, युनीकेमध्ये. जगातील पहिल्या मंडळ्याही घरांतच भरत असत. मोठी मंदिरे मागाहून आली.

दुसरी गोष्ट अशी, की ज्याला आधार मिळाला नाही त्याने तो पुढच्यासाठी निर्माण केला. सासष्टीच्या त्या अनाम श्रोत्याने नुसते रडगाणे गाइले नाही. त्याने मागणी केली, आणि एक ग्रंथ जन्मास आला. वाझ आपल्या पोटापुरती पुण्याई सांभाळीत गोव्यात बसले नाहीत. बाबांनी आपल्या एकटेपणाचे रूपांतर इतरांच्या सोबतीत केले. ‘माझ्याजवळ कोणी नाही’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. ‘मी कोणाजवळ जाऊ शकतो?’ हा त्याचा उत्तरार्ध आहे. एलीया संदेष्टा गुहेत बसून ‘मी एकटाच उरलो’ असे म्हणाला, तेव्हा त्याला उत्तर मिळाले, की न वाकलेले सात हजार अजून शिल्लक आहेत. ते सात हजार त्याला ठाऊक नव्हते, कारण तेही बहुधा आपापल्या घरी ‘मी एकटाच’ असेच म्हणत बसले असतील!

आजच्या खानापुरात जंगलाची वाट पूर्वीसारखी अवघड राहिली नाही. रस्ते झाले, मोटारसायकली आल्या. पण मुले शिकून बेळगाव, पुणे, बंगळूर, गोवा येथे गेली, आणि कित्येक घरांत तेर्स म्हणायला दोन म्हातारी माणसेच उरली. पूर्वी धर्मगुरू दूर होते. आता उत्तर देणारा नातू दूर आहे. मोठ्या शहरांतल्या आपल्या बांधवांनी याकडे कीव म्हणून पाहू नये. २०२० च्या महासाथीत देशभरची प्रार्थनामंदिरे बंद झाली, तेव्हा ज्यांच्या दाराशी चर्च होते तेही एका दिवसात खानापूरच्या आडगावचे रहिवासी झाले. ज्या घरांत प्रार्थनेची रीत होती, ती घरे सावरली. ज्यांनी सर्व भार चर्चवर टाकला होता, त्यांना मुलांपुढे पहिला शब्द कोणता उच्चारावा याचाही विचार पडला.

बृहन्महाराष्ट्रातील आपण सारे, ख्रिस्ती असू वा नसू, ही गोष्ट दुसऱ्या अंगाने जाणतोच. परक्या मुलखात भाषा राखायची असो, सण राखायचे असोत की श्रद्धा, ती संस्थेच्या पाटीवर राहत नाही. ती घरात रोज बोलली तर राहते. मराठी मंडळाची इमारत असावी, चर्चची घंटा वाजावी, ग्रंथालयही असावे. पण ती नसली तर काय, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने आपल्यापुरते तयार ठेवावे, आणि शेजारच्या एकट्या घराला त्यात वाटेकरी करावे. दूर गेलेल्या नातवाला संध्याकाळी दूरध्वनी करून प्रार्थनेचे दोन शब्द त्याच्याकडून म्हणवून घेणारी आजी आणि कॅनरा किनाऱ्यावर पोथी उतरवून घेणारा तो जुना गृहस्थ, ही दोघे एकाच कामाला लागलेली आहेत.